पालथी वाटी

कांबळेबाई गेल्यावर कॉलेजात शोकसभा झाली. फलकावर ‘वनस्पतिशास्त्राच्या थोर उपासक’ असं लिहिलं होतं आणि कोपऱ्यात गुलाबाचं चित्र होतं. अध्यक्षांनी सांगितलं, की बाईंनी झाडांवर पोटच्या लेकरांसारखं प्रेम केलं. दुसऱ्या वक्त्यांनी त्यात वेली घातल्या, तिसऱ्यांनी फुलं. चौथे वक्ते बाईंना कधी भेटलेच नव्हते, त्यामुळे ते सगळ्यांत जास्त वेळ बोलले. वास्तविक बाईंनी उभ्या आयुष्यात झाडाकडे पाहिलं ते त्याच्या बुंध्यावर काय उगवलंय हे बघण्यापुरतं. बुरशी ही वनस्पती नाही, हे वाक्य त्या वर्षाच्या पहिल्या तासाला फळ्याच्या कोपऱ्यात लिहायच्या आणि परीक्षेपर्यंत कुणाला पुसू द्यायच्या नाहीत. शोकसभेतले निम्मे वक्ते त्यांचेच माजी विद्यार्थी होते.

हार घातलेला फोटो ऑफिसच्या कपाटातून काढला होता. काचेआड उजव्या कोपऱ्यात करड्या बुरशीचा एक छानसा गोल आला होता. शिपायानं पुसून पाहिला, पण तो काचेच्या आतून होता. त्या सभेत बाईंच्या विषयाची बाजू मांडली ती तेवढ्या एका कोपऱ्यानं.

शेवटच्या रांगेत आमचे माजी प्राचार्य धुमाळसर बसले होते. त्यांना बोलायची विनंती झाली तेव्हा त्यांनी नुसती मान हलवून नकार दिला. कॉलेजच्या पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाला जो माणूस पाऊण तास बोलला होता, तो आज गप्प बसला याचं लोकांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. पण ते का, हे सांगायचं तर आधी बाई सांगायला हव्यात.

मी लोणावळ्याच्या त्या कॉलेजात अकाउंट्स शिकवायचो. लोणावळ्याचं पावसाळ्यातलं कौतुक करणारे लोक रविवारी येतात आणि रविवारीच जातात. त्यांना धुकं दिसतं. आम्हाला चपलांवर, कमरेच्या पट्ट्यांवर, लग्नातल्या कोटावर, देवघरातल्या पोथीवर आणि झोपेतून उठायला उशीर केला तर आमच्यावरही बुरशी दिसते. बाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा आमची मीना ब्लीचिंग पावडरची बादली घेऊन हॉलच्या भिंतीकडे निघाली होती. “थांबा वहिनी, आधी मला बघू द्या,” म्हणून बाई भिंतीशी गेल्या आणि चहा निवेपर्यंत भिंग लावून उभ्या राहिल्या. मुलांची नावं विचारली नाहीत, पडद्यांना बरं म्हटलं नाही. जाताना दारात म्हणाल्या, “तुमच्याकडे तीन जाती आहेत. शेजारी बघितलं मी, त्यांच्याकडे दोनच.” यावर रागवावं की हे शेजारणीला ऐकवावं, हे मीनाला कळेना. शेवटी तिनं ऐकवलंच.

बाई उंचीनं बेताच्या, आवाजानंही बेताच्या. सुती साडी आणि खाली गमबूट, हा त्यांचा जूनपासूनचा वेष. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. पर्समध्ये बायका काय काय ठेवतात याबद्दल पुरुषांत बरेच तर्क असतात. बाईंच्या पर्समध्ये एक बोथट सुरी, स्टीलची एक वाटी आणि अर्धा काळा अर्धा पांढरा असे पुठ्ठ्याचे तुकडे असायचे. लग्न का केलं नाही, हे विचारायची स्टाफरूममध्ये प्रत्येकाला घाई असायची. एकदा इतिहासाच्या सरांनी विचारलं. बाई म्हणाल्या, “काही बुरश्यांमध्ये लिंगं दोन नसतात सर, हजारोंनी असतात. म्हणजे जो भेटेल तो जवळजवळ चालतोच. आपल्यात दोनच. त्यात मला कोणी पटला नाही.” पुढे बरेच दिवस आमच्या स्टाफरूममध्ये लग्नाचा विषय निघाला नाही, आणि इतिहासाचे सर डबा वर्गातच खाऊ लागले.

मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. “काय कॉमर्स, बरं आहे का?” असंच विचारायच्या. खरा व्यापार जमिनीखाली चालतो, असं त्यांचं म्हणणं. झाडाच्या मुळांना बुरशीचे धागे चिकटलेले असतात. ते लांबलांबून पाणी आणि क्षार आणून देतात, बदल्यात झाड त्यांना साखर देतं. “आणि कुणी कुणाला फसवलं तर?” असं मी आपलं माझ्या विषयाला धरून विचारलं. बाई म्हणाल्या, “फसवतात की. पण फसवणाऱ्याला झाड पुढच्या वेळी साखर कमी देतं. तुमच्या ऑडिटरपेक्षा बरं काम आहे.”

रानात पडलेलं पान, मेलेली फांदी, कुजलेला ओंडका हे सगळं बुरशी खाते आणि त्याची माती करते. हे काम तिनं थांबवलं, तर नागफणीचा सुळका पाल्याखाली बुडेल, हे त्या इतक्या सहज सांगायच्या, की वर्गातली मुलं खिडकीतून नागफणीकडे बघायची. एवढं करून अभ्यासक्रमात बुरशीला जागा किती, तर दिवाळीच्या सुट्टीआधीचे थोडे तास, ज्यांना निम्मी मुलं गावी गेलेली असतात. बॉटनीच्या खात्यात बुरशी म्हणजे पेइंग गेस्ट आणि मी तिची नातेवाईक, असं बाई म्हणायच्या.

हे वेड कुठून आलं, हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं नव्हतं. बाई देहूरोडच्या. वडील डेपोत कामाला होते. लोखंडी पट्टीनं त्यांचा पाय कापला, जखम चिघळली, पाय जाणार की माणूस जाणार एवढाच प्रश्न उरला. डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या सुया दिल्या. “आई म्हणायची बुद्धाची कृपा, आजी म्हणायची डॉक्टरचा हातगुण. मी शाळेत वाचलं की पेनिसिलिन बुरशीपासून काढतात. घरी येऊन शिळ्या पावाला हात जोडले. आईनं पाठीत धपाटा घातला.” हे सांगताना त्या हसल्या नाहीत. मी हसलो होतो, मग मीही थांबलो.

त्यांची खोली म्हणजे कॉलेजच्या मागच्या बाजूची, बेसिन आणि नळ असलेली, एका खिडकीची लांबोळकी जागा. तिथं त्यांनी सगळ्या नोकरीत जमवलेली बुरशी वाळवून ठेवली होती. मावळातल्या प्रत्येक डोंगराची, प्रत्येक पावसाळ्याची. ठेवायला पेट्या कुठून आणायच्या, म्हणून त्या चिक्कीचे रिकामे खोके वापरायच्या. लोणावळ्यात दुसरं काही फुकट मिळत नाही. नवे आलेले प्राध्यापक त्या खोलीत डोकावायचे, खोके बघून खूश व्हायचे आणि एखादा उघडून कातड्यासारखं काहीतरी हातात घेऊन बाहेर यायचे. धुमाळसरांनी तर एकदा तुकडा तोंडात घातला होता. बाईंनी शांतपणे सांगितलं, “विषारी नाही सर. पण तो खोका शेंगदाण्याचा नव्हता, आंब्याच्या ओंडक्याचा होता.” पावसाळ्यात या वाळवलेल्या बुरशीवर दुसरी ओली बुरशी चढायची. मग बाई कपाटात बल्ब लावून ठेवायच्या आणि वीज गेली की कासावीस व्हायच्या. भाऊबंदकी कुणाला चुकलीय, असं म्हणत ब्रश घेऊन एकेक नमुना साफ करायच्या.

गावागावांतून लोक त्यांच्याकडे यायचे. औंढ्याचा एखादा शेतकरी इंद्रायणी भाताची पात घेऊन यायचा, पातीवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके. बाई सांगायच्या, हा करपा, हीसुद्धा बुरशीच, युरियाची पोती ओतत गेलात तर ती आणखी खूश होईल. शेतकरी म्हणायचा, “व्हय बाई, पण दुकानदार म्हनतोय अजून टाका.” बाई म्हणायच्या, “तो भात पिकवतो का पोती?” एवढं ऐकून तो जायचा आणि बहुधा पोतं टाकायचाच. पण पुढच्या वर्षी पुन्हा पात घेऊन यायचा, यावरून बाई त्याला हुशार समजायच्या.

औंढ्यातच हौसामावशी होती. पावसात वारुळावर जी पांढरी अळंबी फुटते, तिची जागा मावशीला सासूनं मरताना सांगितली होती आणि मावशी ती मरेपर्यंत सुनेला सांगणार नव्हती. बाई तिच्या अंगणात पहिल्यांदा गेल्या तेव्हा मीही बरोबर होतो. मावशीनं विचारलं, “तुमी कुटल्या?” देहूरोडच्या, असं बाईंनी सांगितलं. मग देहूरोडला कुठं, वडील काय करायचे, मूळ गाव कुठलं, असे लांबून लांबून प्रश्न आले. हे प्रश्न कुठल्या गावाला चाललेत, हे आपल्याकडे सगळ्यांना कळतं. बाई म्हणाल्या, “मावशी, कांबळे आडनाव. आता पाणी देताय, का आम्ही निघू?” मावशी आत गेली आणि पाणी आणलं, नंतर चहाही आणला, आणि कप तिनं सगळ्यांचे एकाच बादलीत विसळले. परत येताना बाई एवढंच म्हणाल्या, “माणसाचं सोपं असतं. आडनाव विचारलं की निकाल. अळंबीला बिचारीला रात्रभर वाटीखाली बसावं लागतं.”

पुढे दोघींचं चांगलंच जमलं. मावशी बाईंना वारुळावर न्यायची, पण जागा कळू नये म्हणून बांधाबांधानं चकवे देत न्यायची. बाईंना पहिल्याच खेपेला जागा कळली होती. तरी त्या दरवर्षी मावशीमागून वाट चुकल्यासारखं चालायच्या. “समदी काढायची न्हाई, दोन-चार ऱ्हाऊ द्यायची,” असं मावशी दर वेळी बजावायची, आणि बाई पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलवायच्या. वाळवी वारुळात पालापाचोळा आणते, त्यावर ही बुरशी पिकवते आणि मग तीच खाते, म्हणजे माणसाच्या कितीतरी आधी वाळवीनं शेती केली, हे बाईंनी मावशीला सांगितलं. मावशी म्हणाली, “मंग तिलाबी करपा पडत आसंल.”

आता वाटीचं सांगतो. बाईंकडे कोणीही अळंबी घेऊन आलं आणि विचारलं, की खाऊ का, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. “उद्या या.” मग त्या देठ कापायच्या, टोपी अर्ध्या काळ्या अर्ध्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठेवायच्या आणि वर वाटी पालथी घालायच्या. रात्रभरात टोपीखालच्या पडद्यांतून बीजाणू गळतात आणि पुठ्ठ्यावर त्यांचा ठसा उमटतो. कुणाचा पांढरा, कुणाचा गुलाबी, कुणाचा हिरवा, कुणाचा काळा. नुसत्या ठशावर भागत नाही. देठावरचं कडं बघायचं, तळाशी पिशवी आहे का बघायची, कारण पांढऱ्या ठशाच्याही जीव घेणाऱ्या असतात. पण ठसा पाहिल्याशिवाय बाईंनी कधी हो म्हटलं नाही. लोकांना एक दिवस थांबायचा कंटाळा. निम्मे दुसऱ्या दिवशी यायचेच नाहीत. बाईंना वाटायचं त्यांनी अळंबी टाकून दिली असेल. मला वाटायचं खाल्ली असेल. बाईंचा माणसांवर विश्वास होता, त्याचं कारण त्यांनी माणसांचा अभ्यास केला नव्हता.

आमच्या संस्थेच्या उपाध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांचं औंढ्याच्या रस्त्याला रिसॉर्ट होतं. त्या वर्षी त्यांनी रानभाज्यांचा महोत्सव काढायचं ठरवलं, आणि त्यात मुख्य आकर्षण रानातली अळंबी. शहरातल्या माणसाला रान ताटात लागतं, पायाखाली चालत नाही. त्याच वेळी संस्थेनं कॉलेजात बेकरीचा कोर्स आणला होता. त्याला नळ आणि बेसिन असलेली खोली हवी होती, आणि तशी खोली एकच होती. धुमाळसरांनी बाईंना बोलावून सौदा समजावून सांगितला. भाऊसाहेबांच्या महोत्सवाला तज्ज्ञ म्हणून नाव द्यायचं, मग बेकरी दुसरीकडे बसवता येईल. बाईंचे सगळे खोके त्या खोलीत होते आणि देहूरोडच्या घरात त्यांना ठेवायला जागा नव्हती. बाई म्हणाल्या, “नाव देते. आधी अळंबी बघते.”

महोत्सवाआधी निवडक पाहुण्यांसाठी चाचणीचं जेवण होतं. सर, बाई आणि मी गेलो. मी का गेलो, तर जेवण होतं म्हणून. स्वयंपाकघरात शेफनं टोपली दाखवली. सकाळीच रिसॉर्टच्या हिरवळीवरून काढलेली, पसरट पांढऱ्या टोप्यांची, तपकिरी खवले असलेली देखणी अळंबी. त्यानं मोबाइलवर फोटो काढून ॲपला विचारलंही होतं आणि ॲपनं खाण्यायोग्य म्हणून सांगितलं होतं. बाईंनी एकेक उलटी करून पाहिली, कडं पाहिलं, तळ पाहिला, वास घेतला. मग म्हणाल्या, की या दोन बहिणींपैकी एक आहे. एक खातात. दुसरी खाल्ली तर माणूस सहसा मरत नाही, पण मेलो असतो तर बरं असं त्याला रात्रभर वाटतं. अशा कोवळ्या असताना दोघींचे पडदे पांढरेच. ठसा बघावा लागेल, खायच्या बहिणीचा पांढरा पडतो, दुसरीचा हिरवा.

सरांनी हळूच सांगितलं, “बाई, पाहुणे आज आलेत.”

“मग त्यांना आज पिठलं घाला,” बाई म्हणाल्या.

भाऊसाहेबांना पिठलं हा शब्द लागला. ॲप सांगतंय, शेफ सांगतोय, मग अडचण काय, असं त्यांनी विचारलं आणि शेफला खूण केली. मोठ्या पॅनमध्ये लोणी तापलेलंच होतं. लसूण पडला, अळंबी पडली, आणि असा वास सुटला, की मी मनातल्या मनात ॲपच्या बाजूला गेलो. बाहेर पाहुणे टेबलांवर बसले होते, त्यात लहान मुलंही होती. बाईंनी एकदा दारातून तिकडे बघितलं. मग त्या मोरीकडे गेल्या, भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याचं पातेलं उचललं, शेगडीपाशी आणलं आणि पॅनमध्ये ओतलं. पातेलं जागेवर नेऊन ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “आता निवांत बोलू.”

निवांत कोणीच बोललं नाही. भाऊसाहेब काय बोलले, ते छापण्यासारखं नाही. बाईंनी टोपलीत उरलेल्यांतली एक टोपी पर्समधल्या पुठ्ठ्यावर ठेवली, वाटी पालथी घातली आणि ती वाटी मांडीवर धरून सरांच्या गाडीत बसल्या. गाडीत सरांनी स्पष्टच सांगितलं. ठसा हिरवा निघाला तर मी तुमच्यामागे उभा राहीन. पांढरा निघाला, तर तुमच्या खोलीचं माझ्या हातात काही राहणार नाही. बाई हो म्हणाल्या आणि खड्ड्यातून जपून न्या, असं ड्रायव्हरला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी बाईंच्या खोलीत गेलो, तेव्हा त्या वाटीसमोर बसून होत्या. मी येईपर्यंत त्यांनी ती उचलली नव्हती. वाटी उचलली, टोपी बाजूला केली. पुठ्ठ्याच्या पांढऱ्या भागावर काहीच दिसत नव्हतं. काळ्या भागावर रांगोळी घातल्यासारख्या बारीक पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. खाण्याजोगी अळंबी होती. ॲप बरोबर होतं, शेफ बरोबर होता, आणि जन्मभर बुरशीत घालवलेल्या बाईंनी उत्तम लोणी आणि लसूण साबणात बुडवला होता.

मला फार वाईट वाटलं. भिंतीला लागलेले ते सगळे खोके दिसत होते. मी म्हटलं, “बाई, हा पुठ्ठा फाडून टाका. हिरवा होता म्हणून सांगू. पाहायला आपण दोघंच होतो.”

बाईंनी पुठ्ठा खिडकीपाशी नेऊन पुन्हा नीट बघितला. मग म्हणाल्या, “उद्या कुणी खरंच हिरवी घेऊन आलं कॉमर्स, तर त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू?”

मी स्कूटर काढली. रिसॉर्टवर भाऊसाहेब होते, त्यांची समजूत घालायला आलेले सरही होते. बाईंनी पुठ्ठा टेबलावर ठेवला आणि खाली न बसता सांगितलं, की ही खाण्याची होती, काल मी तुमचं अन्न वाया घालवलं, चूक माझी. भाऊसाहेबांनी संधी सोडली नाही. “म्हणजे तुम्हाला यातलं काही कळत नाही.”

“काल कळत नव्हतं,” बाई म्हणाल्या. “आज कळलं.”

मग महोत्सवाच्या सगळ्या अळंबीला हो म्हणा आणि विषय मिटवा, असं सरांनी सुचवलं. बाई म्हणाल्या, की हिला हो म्हटलं, पुढच्या आठवड्यात येईल तिला पुढच्या आठवड्यात बघू. सरांनी कपाळाला हात लावला. बाईंनी शेफकडून टोपलीत राहिलेली चार अळंबी मागून घेतली, त्याला तशीच लोणी-लसणात परतायला सांगितली आणि सगळ्यांसमोर उभ्यानं खाल्ली. मला कोणी विचारलं नाही, पण मी प्लेट पुढे केली. अप्रतिम होती. भाऊसाहेबांचा राग त्यामुळे आणखी वाढला असावा.

खोली गेली. एका टेम्पोत चिक्कीचे खोके भरून देहूरोडला गेले. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं कुणाकडे तरी मोठं कार्य आहे. त्या खोलीत बेकरी आली. बुरशीला हाकलून तिथं जे सुरू झालं, ते सगळं यीस्टच्या जिवावर चालतं आणि यीस्ट ही बुरशीच, हे संस्थेत कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्याच प्रात्यक्षिकाला पीठ फुगेना. बेकरीच्या बाई रडकुंडीला आल्या आणि शेवटी कांबळेबाईंना बोलावणं गेलं. बाईंनी पाण्याच्या भांड्याला हात लावला आणि पटकन मागे घेतला. “उकळतं घातलंत? मेली बिचारी.” मग कोमट पाणी, थोडी साखर, नवं यीस्ट. पाव फुगला. संस्थेच्या वार्षिक अहवालात त्या पावाचा फोटो आला. बाईंचं नाव आलं नाही, यीस्टचंही नाही.

निवृत्तीनंतर बाई देहूरोडला राहिल्या. दोन खोल्यांतली एक खोक्यांची, दुसरीत त्या आणि उरलेले खोके. मी अधूनमधून जायचो. गेल्या पावसाळ्यात आमच्या अंगणात पांढरी अळंबी आली. मीना म्हणाली, बाईंना दाखवून या, म्हणजे त्यांची तब्येतही बघून होईल. बाईंना तेव्हा धाप लागायची. दार त्यांच्या भाचीनं उघडलं. आत खिडकीच्या कट्ट्यावर पालथ्या वाट्यांची रांग होती, प्रत्येकीखाली पुठ्ठा आणि बाजूला नावाची चिठ्ठी. त्यातली एक औंढ्याची होती. हौसामावशी आता नव्हती, तिच्या सुनेनं पाठवली होती. जागा कळली होती तर.

आणि खुर्चीत, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी धरून, फीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या मुलासारखे धुमाळसर बसले होते.

ते निवृत्त होऊन सुदुंबऱ्याला शेतावर राहतात. बांधाच्या वारुळावर अळंबी आली होती. बाईंनी माझी आणि त्यांची अळंबी उलटसुलट करून पाहिली, देठ सरळ कापले. दोन वाट्या पालथ्या घातल्या.

“उद्या कळेल ना?” सरांनी विचारलं.

“ठसा पडला तर,” बाई म्हणाल्या. “घाई असेल तर पिठलं करा.”

सर हसले. मी त्यांना असं हसताना नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. जिना उतरताना मी विचारलं, की एवढ्या लांब कशाला येता, मोबाइलमध्ये ते ॲप असेल ना. सरांनी खिशातून मोबाइल काढून दाखवला. होतं. “यात हीच दाखवली, खाण्यायोग्य म्हणून,” ते म्हणाले. “पण हे कधी दुसऱ्या दिवशी घरी येऊन सांगत नाही, की काल माझं चुकलं.”

रस्त्यावरून मी वर पाहिलं. बाई खिडकी लावून घेत होत्या. वारा आत गेला की बीजाणू उडतात आणि ठसा विस्कटतो. आम्ही खाली उभे आहोत हे त्यांनी पाहिलं, आणि निघा आता, अशा अर्थानं हात झटकला. मग तावदानामागं त्या वाट्यांवर वाकलेल्या दिसल्या, आणि मी स्कूटर सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. बाईंचा आवाज मी ऐकला तो तेव्हा शेवटचा. “कॉमर्स, तुमची हिरवी. फेकून द्या, आणि वहिनींना म्हणावं हात धुवा. सरांची गुलाबी आहे, वारुळावरचीच, बाकी सगळं पाहिलं, चालेल. त्यांचा फोन लागत नाही, तुम्ही सांगा. आणि मी एकदा चुकले होते, तेही त्यांना सांगा.”

मी सरांना दोन्ही सांगितलं.  

मग सर म्हणाले, “खातो.”